नववा पर्च

माझं आणि माझ्या सासूबाईंचं पहिलं भांडण बर्फावर झालं, आणि तेही कुजबुजत. लग्नाला महिना झाला होता. त्या आपल्या लाकडी पेटीवर बसल्या होत्या, मी एका उलट्या बादलीवर. मधे दोन हात अंतर, आणि दोघींच्या पायांपाशी बर्फात पाडलेलं एकेक भोक. पाऊण तास झाला तरी माझ्या गळाला काही लागेना. मी आपली गळाची काडी वर-खाली, वर-खाली करत होते.

"सूनबाई," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "पाळणा हलवतेस का?"

"मासे झोपलेत बहुतेक."

"मासे जागेच आहेत. तुला बघून हसतायत."

मी चिडले. भोकावर बर्फाचा चुरा साचला होता, तो झाऱ्यानं उपसून टाकला. त्यांनी फाडकन माझ्या हातावर चापट मारली. चुरा तसाच राहू द्यायचा, नाहीतर आत उजेड जातो आणि पर्च, म्हणजे इथला पट्टेरी मासा, बिचकतो, हे मला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, आधी सांगायचं होतंत. त्या म्हणाल्या, आधी विचारायचं होतंस. हे सगळं कुजबुजत, कारण बर्फावर मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. शेवटी त्या उठल्या, त्यांनी पेटी उचलली आणि पन्नास पावलांवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी एकतीस धरले. मी सर्दी धरली.

त्यांचं नाव उस्तिन्या. पैप्सी तळ्याच्या काठाला जुन्या पंथाचे रशियन लोक राहतात, त्यांच्यातल्या. मी टार्टू शहरातली, एस्टोनियन, म्हणजे त्यांच्या हिशेबी बाहेरची. त्यांच्या घरात माझा पेला वेगळा होता, फळीच्या अगदी टोकाला, पालथा ठेवलेला. त्यांचं सोवळंच तसं. पंथाबाहेरच्या माणसाचा पेला घरातल्यांच्या पेल्यांना लावायचा नाही. सुरुवातीला मी घरी येऊन नवऱ्यापाशी आदळआपट करायची. झिनोवी म्हणायचा, "चहा तर तोच आहे ना?" तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला सगळं वर किंवा खाली इतकंच कळतं. पुढं मलाही त्या पेल्याची सवय झाली.

सासूबाईंचे वडील लढाईतून परत आले नाहीत. घरात जाळं ओढायला पुरुष माणूस नव्हतं, म्हणून त्यांच्या आईनं दहा वर्षांच्या पोरीच्या हातात गळ दिला आणि बर्फावर पाठवलं. गावानं नावं ठेवली. बाईमाणूस पेटी मांडून बर्फावर बसतं, शोभतं का, वगैरे. सासूबाई सांगायच्या, "नावं ठेवणारे सगळे घरात बसून ठेवत होते. बर्फावर कुणी ऐकायला होतं का?" पुढं लाव्रेन्तीशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी लग्न झालं. ते जाळ्यानं मासे धरणारे. जाळं म्हणजे दरोडा, असं सासूबाई त्यांना तोंडावर म्हणायच्या. सासरे गेले तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. उन्हाळ्यात कांद्याचे वाफे आणि थंडीत बर्फ, हा त्यांचा नेम त्यानंतरही मोडला नाही.

मासे धरायची त्यांची रीत मी पंधरा वर्षांत थोडीथोडी शिकले, तीही बोलणी खाऊन. गळ म्हणजे काय, तर शिसाचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब, त्यात आकडा, आणि आकड्याला एक तांबडी अळी. अळ्यांची काडेपेटी छातीपाशी, आतल्या कपड्यात ठेवायची, नाहीतर त्या गोठतात. काडी वीतभर. तिच्या टोकाला बोटभर लांबीची लवलवती पट्टी. सगळं लक्ष त्या पट्टीवर. गळ तळाला टेकवायचा, दोनदा ठोकायचा, म्हणजे गाळ उडतो आणि पर्चला वाटतं, इथं कुणीतरी खातंय. मग वीतभर उचलून थरथरवायचा. नुसता थरथर, झोके नाही. आणि मग थांबवायचा.

"थांबवलं की खातो," त्या सांगायच्या. "हलतंय तोवर तो फक्त बघतो. पोटात भूक, मनात संशय. तू थांबलीस की त्याचा संशय जातो."

किती थांबायचं, याचं त्यांचं माप होतं. त्यांच्या डाव्या मनगटाला चामड्याची जपमाळ असे. एक नाम पूर्ण होईपर्यंत गळ स्थिर. माळेचा एक फेरा झाला आणि पट्टी हलली नाही, तर भोक सोडायचं, दुसऱ्यावर जायचं, आणि तासाभरानं पहिल्यावर परत यायचं. कारण पर्च थव्यानं फिरतो, तो येतो त्याच्या वेळेनं. आधी बारके येतात. त्यांना कंटाळायचं नाही, त्यांच्या खाली मोठे असतात. आणि लागलेला मासा सुटू द्यायचा नाही. एक सुटला की थवा बिथरतो आणि निघून जातो.

मला हे सगळं पाठ झालं, पण थांबता आलं नाही. एक नाम म्हणजे चार श्वास. तेवढ्यात माझ्या हाताला खाज सुटायची, नाक वाहायचं, नाहीतर काहीतरी बोलायला सुचायचं. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या गळाला लागतात ते आत्महत्या करायला निघालेले असतात."

मग त्या वर्षीच्या जानेवारीत, त्यांना त्र्याहत्तरावं चालू असताना, झिनोवीनं एक गोष्ट पाहिली. आम्ही जेवायला बसलो होतो. त्या उजवा हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या आणि डाव्या हातानं जेवत होत्या.

"आई, हात दाखव."

"का? भविष्य बघायला शिकलास?"

"दाखव म्हणतो ना."

त्यांनी हात वर काढून टेबलावर ठेवला. तो आपोआप हलत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, जणू चिमटीत मीठ आहे. आम्ही तिघंही त्या हाताकडं बघत बसलो. सासूबाईंनीच तो उचलून परत मांडीखाली घातला, शेजारणीचं मांजर उचलावं तसा.

टार्टूच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. झिनोवीनं त्याच दिवशी ठरवलं. आई आता आमच्याकडं येणार. बर्फ बंद, विहीर बंद, सरपण फोडणं बंद. तो चुकीचं बोलत नव्हता. पण खरं सांगायचं तर मला त्या आमच्या घरात नको होत्या. आमच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत माझं शिवणयंत्र. त्यात सासूबाई, त्यांचे उपास, त्यांचे टोमणे. मी तोंडानं "हो, हो, आणूया" म्हणत होते आणि रात्र-रात्र छताकडं बघत होते.

सासूबाईंनी मुलाशी वाद घातला नाही. त्यांनी पैज लावली. ईस्टरच्या आधी त्यांचा सात आठवड्यांचा उपास असतो, त्यात मासासुद्धा वर्ज्य. मात्र सात एप्रिलला, मरियेला देवदूताचा निरोप आला त्या सणाला, मासा चालतो. त्या दिवशी प्रत्येक घरात कणकेत अख्खे पर्च आणि कांदा भरून पिरोग भाजतात. मासे आदल्या दिवशीचे, ताजेच लागतात. सासूबाईंच्या भट्टीतल्या पत्र्यावर नऊ मासे ओळीनं बसतात. कमी नाही, जास्त नाही.

"नऊच्या नऊ माझ्या हातानं, माझ्या गळानं," त्या म्हणाल्या. "आणले तर मी इथंच राहणार, आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. एक जरी कमी पडला तर मी स्वतः गाठोडं बांधीन. तुला सांगावंसुद्धा लागणार नाही."

"एक जरी?"

"एक जरी. झिन्या, मी तुझ्यासारखी नाही, बोलून फिरायला."

झिनोवी कबूल झाला. त्यानं तो हात पाहिला होता. शेवटचे दोन आठवडे मी गावात जाऊन राहावं, त्यांना पाण्यात पडू देऊ नये, असं ठरलं. मी शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि गेले. उपासाचे दिवस. दोन आठवडे बटाटे, आंबवलेला कोबी आणि वाळवलेली अळिंबी.

बर्फ त्या वर्षी टिकला होता, पण वरून ओला आणि काठाला सुटलेला. काठाशी पाण्यावर फळी टाकून पलीकडं जावं लागे. रोज सकाळी मी घसरगाडी ओढायची, गिरमिटानं भोकं पाडायची, आणि सासूबाई पेटीवर बसायच्या. आणि रोज तेच व्हायचं. गळ तळाला टेकायचा, गाळ उडायचा. थरथर तर त्यांचा हात आता न सांगता करत होता. पण थांबायची वेळ आली की हात थांबायचा नाही. जितका थांबवायला जावं तितका जास्त हलायचा. पर्च खाली जमायचे, बघायचे आणि जायचे.

त्यांनी कोपर गुडघ्यावर रोवून पाहिलं. डाव्या हातानं धरून पाहिलं, तर डाव्या हाताला काही येत नव्हतं. मग काडीच बर्फावर आडवी ठेवली. पट्टी सरळ झाली, म्हणजे मासा खालून गळ उचलत होता, पण त्या काडी उचलेपर्यंत त्यानं गळ थुंकून टाकला होता. बारा दिवसांत त्यांनी सात मासे धरले. रोज सात नव्हे, मिळून सात. परत येताना त्या बोलायच्या नाहीत. टोमणासुद्धा मारायच्या नाहीत, आणि ते मला सहन होईना.

म्हणून पाच तारखेला मी एक मूर्खपणा केला. शेजारी मकार म्हणून सासऱ्यांचे जुने साथीदार राहतात, बर्फाखाली जाळी लावतात. त्यांच्याकडून मी नऊ चांगले, दीड वितीचे पर्च आणले आणि अंधाऱ्या पडवीत, बर्फ घातलेल्या बादलीत लपवून ठेवले. उद्या काही कमी पडले तर गुपचूप भर घालायची, असा माझा बेत. मकारकाकांनी विचारलं, "उस्तिन्यावहिनींना जाळ्यातला मासा कधीपासून चालायला लागला?" मी म्हटलं, मांजरीला हवेत. "मांजर नशीबवान दिसतंय," ते म्हणाले.

संध्याकाळी सासूबाई पडवीत गेल्या आणि बादली घेऊनच आत आल्या. त्यांनी एक मासा जबड्याला धरून दिव्यापाशी नेला.

"हा कुणी धरला?"

"मी," मी म्हटलं. "तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा."

"ओठ बघ याचा. कुठंय आकड्याचं छिद्र? आणि हे बघ, कल्ल्यांमागं जाळ्याच्या दोऱ्याचा वळ. सूनबाई, माझे दात गेलेत, डोळे नाही गेले. आणि झिन्यानं हे नऊ वर्षांचा असताना ओळखलं असतं. त्याच्यापुढं तू मला चोर ठरवणार होतीस."

"तुमच्यासाठीच करत होते."

"माझ्यासाठी?" त्यांनी मासा बादलीत टाकला. "मी तुझ्या घरात नको आहे तुला. म्हणून एवढी धडपड."

मी त्यांच्याकडं पाहिलं. दोन आठवड्यांचा कोबी, ओले बूट आणि पंधरा वर्षांचा तो पालथा पेला, सगळं एकदम घशाशी आलं.

"हो," मी म्हटलं. "नको आहात."

त्यांनी हात टॉवेलाला पुसले. मग हसायला लागल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललीस. बरं वाटलं. मलाही तुझ्या घरात यायचं नाहीये. मग आपलं भांडण आहे कशावरून?"

मासे खरोखरच मांजरीला आणि शेजाऱ्यांच्या मांजरींना गेले. आम्ही दोघी जमिनीवर टोपली घेऊन बसलो. लावणीचे बारके कांदे निवडायचे होते. कुजके बाजूला, चांगल्यांची वाळकी शेंडी कातरीनं छाटायची. मी अजून धुसफुसतच होते, म्हणून त्यांच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की त्यांचा उजवा हात हलत नव्हता. कांदा उचल, फिरव, कातर, टाक. उचल, फिरव, कातर, टाक. टोपली संपली, त्यांनी हात मांडीवर ठेवला, आणि लगेच अंगठा बोटावर घासायला लागला.

"आई, अजून एक कांदा छाटा बघू."

"संपले ना."

"छाटलेलाच छाटा."

त्यांनी छाटला. हात गप्प. मी म्हटलं, "हात चालतोय तोवर हलत नाही. रिकामा बसला की हलतो. तुम्ही थांबूच नका."

"थांबल्याशिवाय पर्च खात नाही."

"मग थांबल्यासारखं चाला. इतकं हळू वर उचला, की माशाला कळणारच नाही."

"शहाणी आली मला शिकवायला!" त्या म्हणाल्या. पण थोड्या वेळानं मी भांडी आवरून आले तर त्या भिंतीसमोर बसून, रिकाम्या चिमटीनं, काहीतरी हळूहळू वर ओढत होत्या. एक नाम होईस्तोवर एक बोटभर.

सहा तारखेला फळीवरून पलीकडं गेलो तेव्हा बर्फ पायाखाली पचपच करत होता. सासूबाईंनी जागा दाखवली. प्रार्थनाघराचा कळस आणि दोन पाइनची झाडं एका रेषेत येतात तिथं. मी भोकं पाडली. पहिला तास वाया गेला. गाळ उडाला, थरथर झाली, त्या हळूहळू वर ओढायला लागायच्या, आणि अर्ध्यात साठ वर्षांची सवय त्यांचा हात थांबवायची. थांबला की हात हलला.

"थांबू नका," मी म्हणायची.

"थांबत नाहीये."

"थांबलात. आत्ताच थांबलात."

असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, की मी त्यांना सांगतेय आणि त्या ऐकतायत. माझ्या स्वतःच्या भोकाकडं माझं लक्षच नव्हतं. काडी हातात नुसती धरलेली, हलवायची आठवणच नाही, आणि त्यामुळं माझ्या गळाला एकामागून एक मासे लागत होते. मी ते काढून बादलीत टाकायची आणि परत सासूबाईंच्या पट्टीकडं बघायची.

दहाच्या सुमारास त्यांची पट्टी सरळ झाली. त्यांनी मनगटानं हलकाच झटका दिला आणि मग दोन्ही हातांनी दोरा ओढला. पर्च बर्फावर येऊन पडला, हिरवा, काळ्या पट्ट्यांचा, लाल पंखांचा. सासूबाईंनी अळी बदलली, गळ खाली सोडला. दुपारपर्यंत चार झाले. मग थवा गेला. माळेचा फेरा पूर्ण करून आम्ही दुसऱ्या भोकावर गेलो, तिसऱ्यावर, परत पहिल्यावर. तिथं आणखी दोन.

दोनच्या सुमारास झिनोवी आला. अर्धी रजा टाकून आला होता. तो मागं उभा राहिला, लिफ्टच्या तारा बघतो तसा बघत.

"आई थांबत का नाहीये?" त्यानं माझ्या कानात विचारलं.

"थांबलं की हात हलतो."

तो बराच वेळ बघत राहिला. सासूबाईंची काडी हळूहळू वर चढत होती, सूर्य सरकतो तितकी हळू. त्यांनी नव्या भोकासाठी बोटानं एक जागा दाखवली, "तिथं."

"मी भोक पाडलं तर चालेल?" झिनोवीनं विचारलं. "पैजेत बसतं?"

"भोक कुणीही पाड. मासा माझा."

त्यानं भोक पाडलं. तिथं सातवा लागला. झिनोवीनं बादलीत डोकावून पाहिलं नाही. "मी पुढं जाऊन भट्टी पेटवतो," तो म्हणाला. "काय ते उद्या पिरोगात दिसेल." जाताना त्यानं आपले कोरडे हातमोजे आईच्या पेटीवर ठेवले.

आठवा साडेतीनला आला. आणि त्याच्याच पाठोपाठ नववा. मोठा होता. दोरा ओढताना सासूबाईंचे खांदे वाकले, आणि भोकाच्या चुऱ्यातून त्याचं रुंद तोंड वर आलेलं मी स्वतः पाहिलं. तिथं त्या थांबल्या. मोठा मासा भोकात आला की क्षणभर थांबायचं, त्याचं डोकं सरळ होऊ द्यायचं, मग काढायचा, ही त्यांचीच शिकवण. त्या थांबल्या, आणि हात हलला. दोरा बर्फाच्या धारेला घासला, तुटला. तोंड खाली गेलं. चुरा परत भोकावर जमला.

मी भोकाकडं बघत राहिले. त्यांनी खिशातून दुसरा गळ काढला आणि मला बांधायला दिला. "थवा गेला," त्या म्हणाल्या. "आता बसायचं."

आम्ही बसलो. मी आयुष्यात तशी कधी बसले नव्हते. नाक वाहत होतं, ते वाहू दिलं. माळेचा एक फेरा झाला, दुसरा झाला. भोकं बदलली, परत आलो. पट्टी हलली नाही. आणि मग काठावरून घंटा सुरू झाली. सणाच्या आदल्या संध्याकाळची प्रार्थनेची घंटा. ती झाली की सण लागला, आणि सणात भट्टीखेरीज कुठलंच काम नाही.

सासूबाई दोरा गुंडाळायला लागल्या.

"अजून उजेड आहे," मी म्हटलं. "तास दीड तास आहे. आई, एकच तर हवाय."

"घंटा झाली."

"कुणी बघतंय का इथं?"

त्यांनी काडी पेटीत ठेवली. माझ्या बादलीत अकरा पर्च होते. गळाचे. प्रत्येकाच्या ओठाला छिद्र. झिनोवी काय, मकारकाका काय, कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी बादलीकडं पाहिलं. सासूबाईंनी मला बघताना पाहिलं. त्या नको म्हणाल्या नाहीत, हवं म्हणाल्या नाहीत. मी माझ्या बादलीवर झाकण घातलं आणि दोरीनं बांधलं. फळीवरून येताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं. तेवढ्यापुरता तो हात हलत नव्हता.

सकाळी मी उठले तेव्हा पिरोग भट्टीत होता आणि दाराशी गाठोडं होतं. छोटंसंच. वरची गाठ सैल होती, म्हणून आतलं दिसत होतं. दोन झगे, प्रार्थनेचं पुस्तक, आणि टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा पेला. निळ्या काठाचा, त्या रोज चहा पितात तो. मला आधी कळेना, पेला कशाला? आमच्या घरात काय पेले नाहीत? आणि मग कळलं. माझ्या घरात त्यांचा पेला वेगळा असणार होता. माझ्या फळीच्या टोकाला, पालथा. मी तिथं, दाराशी, बुटांमध्ये बसून रडले. मला वाईट वाटलं म्हणून, आणि दोन महिने छताकडं बघत मी जे-जे मागितलं होतं त्याची लाज वाटली म्हणून.

प्रार्थना करून सगळे घरी आले. सासूबाईंनी पिरोग टेबलावर ठेवला आणि सुरी मुलापुढं सरकवली. सासरे गेल्यापासून सणाचा पिरोग झिनोवीच कापतो. वरून सगळं सारखं दिसत होतं, खरपूस, फुगलेलं. त्यानं पहिला तुकडा कापला. मासा. दुसरा, मासा. त्याचे हात त्याच्या आईसारखेच, मोजून चालणारे. सातवा, आठवा. नववा कापला आणि सुरी अलगद खाली गेली. आत नुसता कांदा होता.

झिनोवीनं सुरी ठेवली. तो कांद्याकडं बघत होता. मग त्यानं मान वळवून दाराशी ठेवलेलं गाठोडं पाहिलं. येताना त्याच्या पायाला लागलं असणार, पण त्यानं तेव्हा पाहिलं नव्हतं.

"आठ," सासूबाई म्हणाल्या. "नववा आला होता, माझ्या हातानं गेला. जेवण झालं की निघू. बस तीनला आहे." त्यांचा उजवा हात टेबलावर उघडा होता आणि हलत होता. त्यांनी तो लपवला नाही.

मी तोंड उघडलं, पण झिनोवीनं माझ्याकडं बघून मान हलवली. मग त्यानं तो नववा तुकडा, कांद्याचा, उचलून आपल्या ताटात घेतला. मासे त्यानं आम्हाला वाढले. एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"हा माझा," तो म्हणाला. "नववा पुढच्या वर्षी धर."

सासूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "एक जरी कमी पडला तर, असं ठरलं होतं."

"दिवस ठरला होता. साल ठरलं नव्हतं."

"पुढच्या वर्षी बर्फ लवकर गेला तर?"

"मग त्याच्या पुढच्या वर्षी."

"तोवर हात आणखी बिघडेल, झिन्या."

"मग आणखी हळू उचल," तो म्हणाला, आणि कांद्याचा पुढचा घास घेतला.

सासूबाई उठल्या. दाराशी जाऊन गाठोड्याची गाठ सोडली. टॉवेल उलगडला, निळ्या काठाचा पेला काढला, झग्याच्या टोकाला पुसला आणि टेबलावर आपल्या जागी ठेवला. मग माझ्याकडं वळल्या.

"सूनबाई, बघत काय बसलीस? चहा ओत. आणि रडत ओतू नकोस, खारट होतो."